टोकियोच्या गर्दीत आपला माणूस

तात्या,

तुम्ही गेलात त्याच्या तिसऱ्या दिवशी गावाने तुम्हाला लष्करात भरती करून घेतलं. जन्मभर जी वर्दी तुमच्या अंगाला लागली नाही ती चढवून, डोक्यावर तिरकी टोपी ठेवून, मागे तिरंगा आणि खाली ठसठशीत अक्षरांत 'माजी सैनिक' असं लिहून तुम्हाला वेशीवर उभं केलं. ऐंशी ओलांडलेला सासरा एका रात्रीत मिसरूड फुटलेला जवान होऊन फ्लेक्सवरून माझ्याकडे बघत होता. तुम्ही हे पाहिलं असतंत तर हसताहसता ठसका लागला असता, आणि पाणी आणायला मलाच उठावं लागलं असतं.

हा घोळ कसा झाला ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. घरात सगळे म्हणतात, जरा बस, रडून घे. रडून झालंय माझं. दुपारी चारला चहा टाकते तेव्हा सवयीने दोघांचा टाकला जातो, आणि तुमचा कपही मीच पिते. पित्त व्हायची वेळ आलीय. पण बोलणार कोणाशी? तुमचे चिरंजीव कुपवाडच्या कारखान्यातून येतात ते कानात यंत्रांचा आवाज घेऊनच. मास्तरणीला फळा नसला तरी चालतं, ऐकणारा लागतो, हे तुमचंच म्हणणं. तर ऐका.

सुरुवात दिवाळीत झाली. तुमची नात रुचा पुण्याहून आली होती आणि टीव्हीवर मोबाइल जोडून काहीबाही दाखवत होती. तुम्ही तोंडावर पेपर घेऊन आरामखुर्चीत पडला होता. सांगलीला येऊन माधवनगरच्या गिरणीत उभ्याने आयुष्य गेलं, आता बसूनच राहणार, असं तुम्ही निवृत्तीनंतर जाहीर केलं होतं आणि ते तंतोतंत पाळलंत. पडद्यावर एक जुना रस्ता आला. ट्राम, हातगाड्या, छत्र्या, लाकडी खडावांसारखी पायताणं घालून टकटक चालणाऱ्या बायका. रुचा मला समजावत होती की मूळ चित्रफीत काळीपांढरी, शंभर वर्षांपूर्वीची, संगणकाने आता तिला रंग दिलेत. कुठलं गाव, असं मी विचारलं. ती म्हणाली, जपान, टोकियो.

पेपर खाली पडला. तुम्ही ताठ बसला होता. जेवायला हाक मारल्यावरही इतक्या तत्परतेने तुम्ही कधी उठला नव्हता.

त्या दिवशी मला वाटलं, म्हाताऱ्याला नवीन खेळणं मिळालं. आणि खेळणं तर मिळालंच. रुचा गेली, पण जाताना तसल्या फितींची रांगच लावून गेली, आणि आपला दुपारचा कार्यक्रम ठरून गेला. चार वाजले की चहा, दोन बटरं आणि जपान. मी शाळेतून नुकती निवृत्त झाले होते, इतकी वर्षं पोरांना चित्रकला शिकवून हात रिकामे झाले होते. सुरुवातीला तुम्हाला सोबत म्हणून बसायचे. नंतर कळेना कोण कोणाला सोबत करतंय.

काय काय दिसायचं त्यात. दुकानांवर झुलणारी कापडी पाट्यांची ओळ. खांद्यावर आडवा बांबू टाकून दोन्ही टोकांना टोपल्या लटकवून झपाझप चालणारा माणूस. त्याला पाहून तुम्ही मांडीवर थाप मारलीत की ही तर शिखर शिंगणापूरची कावड, आणि ह्याला मुंगी घाट चढायला लावा, बघू दम. किमोनोवर विलायती हॅट घातलेल्या एका गृहस्थाला तुम्ही मामलेदार करून टाकलंत. छत्री घेऊन तोऱ्यात निघालेली बाई पाटलीणबाई. तिच्या हातातलं गाठोडं पाहून ती माहेरी चाललीय की बाजारात यावर आपली चांगली जुंपली होती. मी म्हणायचे बाजारात. तुम्ही म्हणायचा, माहेरी जाणाऱ्या बाईची चाल वेगळी असते, पायाला वाट दिसते, डोळ्याला नाही. हे तुम्हाला कसं ठाऊक, असं विचारलं तर म्हणालात, तुझ्या सासूला स्टँडवर सोडायला मीच जात होतो की.

आणि ती चिमुरडी पोर, जिच्या पाठीवर तिच्याहून थोडंच लहान भावंड बांधलेलं होतं. खेळ मात्र जोरात. पाठीवरच्या बाळाची मान झुलतेय आणि ही लंगडी घालतेय. तुम्ही चित्र थांबवायला शिकला होता, ते इथे नेहमी थांबवायचा. तुमच्या आई तुम्हाला असंच पाठीशी बांधून शेतात भांगलायला जायच्या, हे मला लग्नाला इतकी वर्षं होऊन पहिल्यांदा कळलं ते जपानमुळे.

पण तुमचा सगळ्यात लाडका तो टोपीवाला मुलगा. गर्दीतून पुढे येतो, कॅमेऱ्याकडे बघतो, टोपी काढतो, वाकतो आणि खुदकन हसून पळतो. तो हसला की तुम्हीही हसायचा. रोज. त्याच ठिकाणी. चहा सांडेपर्यंत.

रंगांवरून मात्र आपलं कधी जमलं नाही. माझं आयुष्य रंगपेटीत गेलेलं, मला ते बघवेना. संगणकाला जिथे काही कळत नाही तिथे तो बदामी फासतो. माझ्या वर्गातली पोरंसुद्धा अशीच, आभाळ निळं आणि उरलेलं जग तपकिरी. एका बाईचा कमरपट्टा रस्त्याच्या या टोकाला तांबडा होता आणि त्या टोकाला जाईपर्यंत राखाडी झाला. मी तुम्हाला ते मुद्दाम उठून दाखवलं. तुम्ही शांतपणे म्हणालात, उन्हातून सावलीत गेली असेल. मी म्हटलं, तात्या, हा सगळा अंदाज आहे, खोटा रंग आहे. त्यावर तुम्ही जे म्हणालात ते माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

"आणि काळंपांढरं खरं हुतं व्हय गं? माणसं काय काळीपांढरी हिंडत हुती?"

तिसऱ्या दिवशी भाकरी थापताना त्याचं उत्तर सुचलं आणि पिठाच्या हातानेच बाहेर आले. म्हटलं, काळापांढरा फोटो निदान कबूल तरी करतो की मला रंग माहीत नाही. रंगीत फोटो माहीत नसून सांगतो. तुम्ही मान डोलावलीत, म्हणालात, माझ्या म्हाताऱ्या आईसारखा. तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नव्हता, आणि तवा तापला होता म्हणून मी आत गेले.

अर्थ लागला तो थंडी सरताना. माझ्या लक्षात येत होतं की तुम्ही पडद्याच्या मध्ये कमी बघता आणि कडेला जास्त. पुढे मामलेदार चाललाय, पाटलीणबाई चाललीय, आणि तुमची नजर मागे, खांबाजवळ, दुकानाच्या दारात, गर्दीच्या काठावर. एके दिवशी तुम्ही चित्र थांबवलंत, खुर्चीतून उठलात, चष्मा कपाळावर सारून टीव्हीला नाक लावलंत. मागे एक माणूस अर्धवट पाठमोरा चालला होता.

"चालणं बघ ह्याचं. आपल्यातला वाटतोय."

मी हसले. टोकियोत शंभर वर्षांपूर्वी आपल्या रहिमतपूरकडचा माणूस काय करणार? तुम्ही हसला नाहीत. परत खुर्चीत बसलात आणि कपातल्या थंड चहाकडे बघत सगळं सांगितलंत.

तुमच्या वडिलांची गोष्ट मला ढोबळ ठाऊक होती. हणमंत आजोबा फौजेत होते, दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या लढाईवर गेले आणि परतले नाहीत. तुम्ही तेव्हा आईच्या पोटात. सरकारकडून कळवलं गेलं ते एवढंच, की बेपत्ता. आपल्या गावात घर तिथे फौजी, त्यामुळे पारावर युद्धाचं ज्ञान भरपूर. कोणीतरी म्हणालं, जपानी लोक धडधाकट माणसं मारत नाहीत, धरून नेतात, कामाला जुंपतात. बस्स. तुमच्या आईने ते धरून ठेवलं. तुझा बाप जपानात आहे, हे तुम्ही बोलायला लागायच्या आधीपासून ऐकलंत. कपाळाचं कुंकू त्यांनी शेवटपर्यंत पुसलं नाही. तेरावं नाही, श्राद्ध नाही, काही नाही. जिवंत माणसाचं कोणी घालतं का?

शाळेत तुम्ही पोरांना सांगायचा की बाप येताना जपानी सायकल आणणार आहे. सगळ्या वर्गाला एकेक फेरी कबूल करून बसला होता. पोरंही भाबडी, त्यांनी नंबर लावून ठेवले होते. तुमच्या वर्गातल्या सुभेदार आप्पांचा नंबर पहिला होता म्हणे, आणि ते तुम्हाला म्हातारपणीही विचारायचे, गड्या, सायकल कवा येनार?

मिसरूड फुटल्यावर विश्वास उडाला, असं तुम्ही म्हणालात. पण नजरेची सवय गेली नाही. मी मास्तरीण ती मास्तरीणच. म्हटलं, तात्या, या फिती लढाईच्या आधीच्या आहेत. आजोबा तेव्हा जन्मले तरी होते की नाही कोण जाणे. यात ते असणारच नाहीत.

"ठाव हाय मला," तुम्ही म्हणालात. "पर बघाय काय जातंय?"

काय जात होतं? बटरं जात होती, दुसरं काही नाही. त्या दिवसानंतर मीही कडेला बघायला लागले. खरं सांगते तात्या, तुम्हाला कधी बोलले नाही, एकदोनदा मलाही एखादा माणूस आपल्यातला वाटला होता.

आता फोटोची गोष्ट. हणमंत आजोबांचा तो एकच फोटो. स्टुडिओतला, वर्दीतला, एक हात खुर्चीच्या पाठीवर, डोक्यावर तिरकी टोपी. मी नवी नवरी म्हणून या घरात आले आणि पहिल्याच दसऱ्याला मोठ्या हौसेने सगळ्या घराला झेंडू लावताना त्या फोटोलाही माळ घातली. भिंतीवर जुना काळापांढरा माणूस असला की त्याला हार घालायचा, एवढं मला माहेरी शिकवलं होतं. तुमच्या आई तेव्हा होत्या. त्यांनी स्टूल घेतलं, माळ काढली आणि दाराच्या चौकटीला बांधली. त्यांच्यामागे तुम्हीही तो फोटो कधी हाराखाली येऊ दिला नाहीत. का, असं मी एकदाच विचारलं होतं. तुमचं उत्तर असं, की आईने घातला नाही, मी कोण घालणार, मी तर त्यांना बघितलंही नाही. त्यावर पुढे बोलायची माझी छाती झाली नाही. तुमचीही झाली नाही. मेला म्हणायला तुमची जीभ रेटत नव्हती आणि जिवंत म्हणायला वय आड येत होतं.

मग एका दुपारी टोपीवाला मुलगा नेहमीसारखा हसून पळाला आणि तुम्ही भिंतीकडे मान वळवून म्हणालात, "ही जपानी पोरं रंगात हसाय लागली. माझा बाप अजून काळापांढराच हाय."

मी रुचाला फोटो पाठवला. तिने तो मोबाइलमध्ये घालून रंगीत करून पाठवला, आणि आपण दोघं बघतच राहिलो. गुलाबी गाल, घारे डोळे, भुरकट केस. तुम्ही म्हणालात, हा तर गोरा साहेब झाला, ह्याला धरून न्यायला जपान्यांना काहीच अडचण नव्हती. हसलो आपण खूप. पण फोन खाली ठेवताना तुमचं तोंड उतरलेलं मी पाहिलं. म्हणून मी म्हटलं, राहू द्या तो संगणक, मी हाताने रंगवते.

त्या कामात आपला उन्हाळा गेला. मोठी प्रत काढून आणली, पाण्याचे रंग काढले. वर्दीची खाकी झाली, खुर्ची झाली, मागचा पडदा झाला. अडलं ते चेहऱ्यावर. गोरे होते की सावळे, हे सांगणारं माणूस पृथ्वीवर उरलं नव्हतं. मी तुम्हाला समोर बसवलं आणि तुमच्या गालाचा रंग कालवला. तुम्ही बघून मान हलवलीत, एवढे गोरे नव्हते. तुम्ही बघितलंय का, मी म्हटलं. नाही बघितलं, पण नव्हते. दुसऱ्या दिवशी गडद केला. एवढे काळेही नव्हते. मी ब्रश आपटून उठले. चित्रकलेच्या परीक्षेला बसलेल्या पोरांनी मला इतकं छळलं नव्हतं. मग तुम्ही समजूत घालायला आलात, हात पुढे केलेत आणि सांगितलंत की तोंड आईवर गेलंय पण हात बापाचे आहेत असं आई म्हणायची. आधी का नाही सांगितलंत, तात्या? तुमच्या पालथ्या हाताचा रंग मी चेहऱ्याला दिला आणि आजोबा एकदम घरातले वाटायला लागले. मला वाटलं, सुटले.

कसली सुटतेय. तुम्ही जवळ वाकलात आणि विचारलंत, कान लाल का?

मी सांगितलं, कानाला लालसर छटा द्यावीच लागते, नाहीतर कान मेलेले दिसतात, हा नियम आहे. तुम्ही म्हणालात, "नियम आसंल. पर माझ्या बापाचं कान कुणी पिळल्यात?"

त्यावर मी म्हटलं, त्यांचे नसतील, तुमचे पिळलेत ना, आणि मी तुमच्याकडे बघूनच रंगवतेय. कारण ती गोष्ट तर गावभर होती. जवानीत तुम्ही कोणाला न सांगता साताऱ्याला भरतीला गेला होता. मैदानात रांगेत उभे होता, छाती मोजायला तुमचा नंबर लागणार, तेवढ्यात तुमच्या आई मागून आल्या. एक दिला, दुसरा देणार नाही, एवढंच साहेबाला म्हणाल्या आणि तुम्हाला कान धरून सगळ्या रांगेदेखत बाहेर काढलं. सुभेदार आप्पा रांगेत तुमच्या मागेच होते. ते भरती झाले, सुभेदार झाले, आणि पेन्शनीत येऊन तुमच्या कानाची चौकशी करायला मोकळे झाले. फौजींच्या गावात बिनवर्दीचे तुम्हीच. हसण्यावारी न्यायचा तुम्ही. पण कोणी वर्दीतला मुलगा सुट्टीवर आला की तुम्ही त्याच्या टोपीकडे कसे बघायचा ते मी बघत आले होते.

कान दुरुस्त करायचं ठरलं, पण तोपर्यंत तात्पुरता म्हणून तुम्ही त्या चित्राचा फोटो काढून व्हॉट्सअॅपला आपल्या नावापुढे लावून टाकलात. मी रोज म्हणायचे आज करते, तुम्ही रोज म्हणायचा आज नको, आज नवीन फीत आलीय. खरं तर तुम्हाला तो वाद संपायला नको होता. मलाही नको होता.

शेवटच्या आठवड्यातली एक दुपार सांगते. ओसाकाचा बाजार चालू होता. तुम्ही अर्ध्यातच रिमोट माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, उगीच शोधतोय, जगला असता तर पोहत आला असता पण गावाला आला असता. दुःखाने नव्हे, बाजारातून न मिळालेली वस्तू सोडून येतात तसं. मग म्हणालात, टोपीवाल्या पोराला लाव. मी लावलं. तो हसला, तुम्ही हसलात.

आणि मग तुम्ही गेलात. त्याबद्दल मी लिहिणार नाही, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

तुम्ही सांगून ठेवल्याप्रमाणे तुम्हाला गावी नेलं. तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जनाला आम्ही सकाळी वेशीवर पोचलो आणि समोर तो फ्लेक्स. गावच्या तरुण मंडळाच्या अध्यक्षाने तुमचा फोटो हवा म्हणून घरी फोन करून रडत्या माणसांना त्रास देण्यापेक्षा तुमच्या व्हॉट्सअॅपवरचाच उचलला. तो तिशीचा गडी, तुम्ही सांगलीत राहणारे, त्याने तुम्हाला वर्दीशिवाय पाहिलं तरी किती. वर्दी दिसली, म्हणून भक्तीने 'माजी सैनिक' त्याने पदरचं घातलं. रहिमतपूरला छापून आणला. छापताना रंग आणखी भडकले. आणि कान, तात्या. काय सांगू. पिकल्या टोमॅटोसारखे.

फ्लेक्सखाली टेबल, टेबलावर समई, आणि फ्लेक्सला वरपासून खालपर्यंत झेंडूचा हार.

तुमचे चिरंजीव पेटले. ही काय थट्टा, उतरवा म्हणाले. अध्यक्ष बिचारा कसनुसा झाला, हात जोडून म्हणाला, दादा, दुपारपर्यंत नवा आणतो, तात्यांचा फोटो द्या. ह्यांनी हार काढायला हात वर केला. तुमच्या आई स्टुलावर चढलेल्या दिसल्या मला. पुन्हा तोच फोटो, पुन्हा झेंडू, पुन्हा काढणार. मी ह्यांचा हात धरला. भर वेशीत, चारचौघांत, सुनेने नवऱ्याचा हात धरला.

तेवढ्यात सुभेदार आप्पा काठी टेकत आले. फ्लेक्स लांबून दिसला तेव्हा त्यांचा चेहरा फुलला. "दिनकर, शेवटी घातलीस की रं वर्दी," म्हणाले. मग जवळ आले, चष्मा पुसला आणि थबकले. तुमच्या गावच्या घरात लहानपणी हाच फोटो त्यांनी रोज पाहिला होता, सायकलीच्या आशेने.

"ह्यो दिनकर न्हवं," आप्पा म्हणाले. "ह्यो हणमंत काका हाय."

अध्यक्षाने मान खाली घातली. म्हातारी माणसं पुढे सरकली, कोणी नीट बघायला लागलं. आप्पांनी काठी माझ्या हातात दिली, टाचा जुळवल्या आणि सलाम ठोकला. हात खाली घेता घेता त्यांची नजर फ्लेक्सच्या कडेला गेली आणि मिशी हलली.

"कान तेवढं दिनकरचं हायत. म्हातारीनं वडल्यालं."

तात्या, तुमच्या रक्षाविसर्जनाला गाव हसलं. आधी आप्पा, मग मी, मग बायका पदरात तोंड घालून, शेवटी तुमचे चिरंजीवसुद्धा, डोळे पुसत. हसणं ओसरल्यावर मी अध्यक्षाला म्हटलं, नवा आणू नका. फोटो हणमंत आजोबांचा, नाव तुमचं, आणि नावात वडिलांचं नाव आहेच. दिनकर हणमंत. त्याने विचारलं, 'माजी सैनिक' तरी खोडू का? आप्पा म्हणाले, दोघांतला एक होता की, राहू दे. हार तसाच राहिला. कोणी स्टूल आणलं नाही. ऊन चढेपर्यंत माणसं येत होती, फुलं ठेवत होती. काही तुमच्यासाठी आली होती, काही म्हातारी खास हणमंत आजोबांसाठी. जो हार तुमच्या आईने घातला नाही, तुमच्या हातून घातला गेला नाही, तो गावाने चुकून घातला. मी रडले ती तेव्हा. चांगलं मोकळं रडले.

काल चारला दोन कप चहा करून मी जपान लावलं. मामलेदार गेला, पाटलीणबाई गेली. ती बाजारातच चाललीय, हे माझं मत मी सोडलेलं नाही. रंगही खोटाच आहे, तात्या, तुम्ही गेलात म्हणून काही मी तुमचं खरं मानणार नाही. पण काल पहिल्यांदा मी कडेला बघितलं नाही. सरळ मधोमध बघत बसले. तो मुलगा आला, टोपी काढून वाकला, हसला आणि पळाला, आणि मी एकटीच चहा सांडेपर्यंत हसले.

नंतर चित्र बाहेर काढलं, ब्रश भिजवला, तुम्हाला शब्द दिला होता म्हणून. ब्रश कानापर्यंत नेला. मग ब्रश धुऊन ठेवला. चित्र आता भिंतीवर आहे, हारासकट. कान लालच आहेत. ते तुमचे आहेत, त्यांना मी हात लावणार नाही.